गोधडीच्या पोटात पुरणपोळी

शिवण बोटाला लागली तेव्हाच मला कळलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात न काढलेला मोतीबिंदू, म्हणजे समोर नुसता दुधट उजेड होता; पण मांडीवर ठेवलेल्या कापडावरून हात फिरवला आणि अंगठ्याखाली एक सरळ, कडक रेघ आली, कुठेच न थांबणारी. हाताचा टाका असा लागत नाही. हाताचा टाका तांदळाच्या दाण्यासारखा लागतो, दाणा, मग खळगा, मग दाणा, आणि मधेच एखादा दाणा मोठा, कारण शिवणारीला त्या वेळी कोणी हाक मारलेली असते. मशीनला कोणी हाक मारत नाही. माझी गोधडी कोणीतरी मशीनवर मारली होती, आणि माझ्याभोवती उभ्या असलेल्या बायका टाळ्या वाजवत होत्या.

"आजी, बोला ना काहीतरी, व्हिडिओ चालू आहे," मृणाल म्हणाली. आमच्या गोधडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची ती प्रमुख. गंगापूर रोडला राहते, पन्नाशीची आहे आणि मला आजी म्हणते.

"कोणी केलं हे?"

"आम्ही सगळ्यांनी मिळून. सरप्राइज आहे तुम्हाला. तुम्ही ऑपरेशनला गेलात ना, म्हटलं आजींची गोधडी एवढी रखडलीय, रविवारी बसून पूर्ण करून टाकू."

करून टाकू. जसा केर टाकतात.

"बंद कर तो फोन," मी म्हणाले. ती हसली, तिला वाटलं म्हातारी गंमत करते. मग मी म्हणाले, "सून चहा देईल. तो पिऊन जा. पण आतल्या खोलीत बसून प्या, माझ्यासमोर नको." तेव्हा मात्र टाळ्या थांबल्या. बांगड्या वाजल्या, पावलं वाजली, आणि नंतर आतून कपबशांचा आवाजसुद्धा आला नाही. कोणीच चहा घेतला नाही म्हणे. साखर वाचली.

तुम्ही म्हणाल, काय ही बाई, चार जणींनी आपला रविवार घालवला, कापडाला हात लावताना नखं कापून बसल्या असतील, आणि हिला त्याचं काहीच नाही. म्हणा. मी पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत उभा जन्म काढला आहे, मला लोकांनी काही म्हणण्याची सवय आहे. चौथीपर्यंत शिकले, पुढे शेण, चूल, शेत, मग शहर. गोड बोलायला वेळच मिळाला नाही आणि आता शिकायची इच्छा नाही. पण तो राग साधा नव्हता. आजही गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. का, ते सांगते.

गोधडी शिवायला बसलेल्या बाईला काय लागतं? जुनेरं लागतात, म्हणजे नेसून नेसून मऊ झालेली लुगडी. दाभण लागतं, दोरा लागतो, पाय पसरून बसायला जमीन लागते. आणि मन टिकावं लागतं, कारण एवढं मोठं कापड वितीवितीने पुढे सरकतं, आणि दहा दिवस शिवूनही लांबून बघणाऱ्याला काही झालेलं दिसत नाही. हे शेवटचं ज्याच्याकडे नाही, त्याच्या घरात पलंगाखाली अर्धी गोधडी असते. अशा अर्ध्या गोधड्या पलंगाखाली असलेल्या बायकांचा तो ग्रुप. माझ्या नातीने मला त्यात घातलं. म्हणाली, "आजी, तुला तिथे प्रेरणा मिळेल."

मिळाली. इतकी मिळाली की हात चालेना. चार बोटं शिवण झाली की फोटो टाकायचा, आणि फोटो पडला की फुलं. गुलाबाची फुलं, टाळ्या वाजवणारे हात, जोडलेले हात, लाल बदाम. वा आजी. या वयात आजी. तुम्ही आमची प्रेरणा आहात आजी. तुम्ही कधी पाहिलं आहे का, जेवायच्या आधी कोणी ढेकर देताना? मला तसं व्हायचं. चार बोटांच्या शिवणीला एवढी फुलं आली की पोट भरल्यासारखं होई, दाभण कापडात खोचून मी उठत असे आणि मग दोन दोन दिवस त्या कापडाकडे फिरकत नसे. कौतुक आधीच मिळून गेलं, आता काम कशाला? बाकीच्यांचंही तेच चाललं होतं. फोटोत सगळ्यांच्या गोधड्या तेवढ्याच होत्या, फुलं मात्र वाढत होती.

एक गोष्ट चांगली होती, ती नाकारत नाही. दुपारी तीनला सगळ्यांनी फोन सुरू करून, बाजूला ठेवून, न बोलता तासभर शिवायचं. चेहरा दाखवायचा नाही, नुसता आवाज. कोणाच्या घरात कुकर वाजे, कोणाच्या खिडकीत पारवा घुमे, कोणाचा नळ गळे, आमच्या गल्लीतल्या रिक्षाचा भोंगा त्यांच्या घरात ऐकू जाई. आणि या सगळ्याच्या खाली, नीट कान दिला तर, जाड कापडातून दोरा ओढल्याची खर्र अशी बारीक ओढ, एकदा इकडून, एकदा तिकडून. शेतात बायका एका ओळीत निंदायला बसतात तेव्हा असंच असतं. कोणी कोणाची वाहवा करत नाही, पण शेजारणीचं खुरपं पुढे गेलं की आपलं आपोआप पुढे जातं. त्या तासासाठी मी त्या ग्रुपमध्ये राहिले.

आणि त्या ग्रुपमध्येच मला यमुना सापडली. तिलाही गावातल्या कोणीतरी त्यात घातलं होतं. खरं तर तिने मला धरलं.

यमुना माझी धाकटी जाऊ. सिन्नरजवळच्या आमच्या गावातच राहते. आमच्या नवऱ्यांनी घर वाटून घेतलं तेव्हा सगळं निम्मं निम्मं झालं, राहिलं सासूच्या लुगड्यांचं गाठोडं. ते मलाही हवं होतं आणि तिलाही. सासू नुकतीच गेली होती. कोणी मागे हटेना, तेव्हा घरातल्या पुरुषांनी डोकं चालवलं, म्हणजे जे कधी चालवू नये ते चालवलं: लुगड्यांचे काठ आणि पदर फाडून यमुनेला दिले आणि अंगाचं कापड मला. वाटणी बरोबर झाली. तिच्याकडे नुसते रेशमी काठ, ज्यांचं काही शिवता येत नाही, आणि माझ्याकडे नुसतं सुती अंग, ज्याला कडा नाही. नवरे दोघेही मेले, ती दोन गाठोडी दोन घरात तशीच पडून राहिली, आणि आम्ही दोघी लग्नकार्यात एकमेकींकडे पाठ करून जेवत राहिलो.

ग्रुपवर मी थर घालून पसरलेल्या, कडेने नुकतंच शिवायला घेतलेल्या कापडाचा फोटो टाकला. नेहमीसारखी फुलं आली. त्या फुलांमध्ये एका अनोळखी नंबरावरून बोललेला निरोप आला. मी कानाला लावला.

"हे माझ्या सासूचं लुगडं हाय. आन् टाके बघा कसे घातलेत, जशी बैलगाडीची चाकोरी. शिवणारी बाई कोन हाय ते मला ठावं हाय. तिला म्हनावं, कड कुडून आननार हायेस?"

ग्रुपला वाटलं विनोद आहे. हसरे चेहरे आले. मला मात्र कानशिलं तापल्याचं आठवतं. मी त्या रात्रीचं जेवण नीट जेवले नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून, डोळ्यांना दिसत नसतानाही, ती सगळी चाकोरी उसवली आणि जवळ जवळ टाके घालून पुन्हा शिवली. इतक्या फुलांनी जे झालं नाही ते त्या एका टोमण्याने झालं. मग नवा फोटो टाकून मी तिला फोन लावला.

"टाके आता बघ," मी म्हणाले.

"बघितले. बरे हायेत. बाकी तुझा हात पयल्यापासून ढिलाच, आक्का."

"काठ देतेस का?"

पाठीमागे तिची शेळी ओरडत होती. "देत नाय," ती म्हणाली. "काठ मी लावीन. तू गोधडी धाड."

माझा मुलगा दिलीप रोज स्कूटरवर सिन्नरच्या कारखान्यात जातो. जाताना तो गोधडीचं गाठोडं काकूच्या घरी टाकायचा, काही दिवसांनी परत आणायचा. गोधडी कडेकडून आत शिवत जातात, एक फेरी झाली की तिच्या आत दुसरी, मग तिसरी, शेतात औत फिरतं तशी, आणि शेवटी मधे येऊन थांबतात. एक फेरी माझी, एक यमुनेची. गोधडी आली की मी आधी तिची फेरी तपासायची, ती माझी. तिथून फोन यायचा, "आक्का, तिसऱ्या कोपऱ्यात डुलकी लागली व्हती का तुला?" मी इथून म्हणायची, "तुझा दोरा सैल आहे, कापड श्वास घेतंय." एवढ्या वर्षांत जे भांडायचं राहिलं होतं ते आम्ही टाक्याटाक्याने भांडून घेतलं. दिलीप म्हणायचा, "आई, तुम्ही दोघी एकत्र बसून का शिवत नाही? माझं पेट्रोल जळतं." त्याला काय सांगणार? समोर बसलो असतो तर गप्प बसलो असतो.

आता मधल्या जागेचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं आहे. आमच्याकडे गोधडी मधे आली की एक चौकोनी ठिगळ लावतात आणि त्याची एक बाजू उघडी ठेवतात. त्या तोंडातून वाळलेल्या भाकरीचा कुटका आत सारायचा आणि मग तोंड शिवून टाकायचं. उपाशी गोधडी पांघरणाऱ्याची ऊब खाते, असं सासू म्हणायची. खरं की खोटं मला ठाऊक नाही, मी कधी उपाशी गोधडी पांघरून बघितलेली नाही. घरात दोन सुना असल्या की घास थोरलीने घालायचा आणि टाका धाकटीने. एकटीने दोन्ही करायचं नाही. हे मी ग्रुपवर एकदा बोलून टाकलं होतं. त्यावर फार फुलं आली. किती सुंदर परंपरा, आजी. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

यमुनेला चालताना धाप लागायची. गावातल्या डॉक्टरने नाशिकला पाठवलं, तिथे कळलं की हृदयाची झडप खराब आहे, बदलावी लागेल. तिने हे मला फोनवर असं सांगितलं जसं कोणी पंपाचा वॉशर गेल्याचं सांगावं. आणि म्हणाली, "त्याच्या आधी गोधडी व्हायला पायजे. तू डोळं काढून घे, मी हृदय काढून घेते." झालं, एवढंच ठरलं. माझी साखर उतरत नव्हती म्हणून मी ऑपरेशनच्या आधी काही दिवस नाशिक रोडला लेकीकडे जाऊन राहिले. गोधडी माझ्याकडे होती, दोन फेऱ्या आणि मधलं ठिगळ तेवढं बाकी. कपाटात ठेवून गेले.

कपाटातून ती सुनेने काढून दिली. सुषमा वाईट नाही. ती म्हणाली, "आई, त्या इतक्या प्रेमाने मागायला आल्या, मी नाही कशी म्हणणार?"

"प्रेमाने मागितलं तर घर देशील का?"

ती रडली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, तेव्हा तरी.

पट्टी निघाली आणि मला नीट दिसू लागलं तेव्हा पहिल्यांदा मी माझा हात पाहिला, किती म्हातारा झाला आहे तो, आणि मग गोधडी पाहिली. त्यांनी उरलेल्या दोन फेऱ्या घातल्याच नव्हत्या. मशीनला वळायचा कंटाळा, म्हणून या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ आडव्या रेघा मारल्या होत्या. माझ्या फेरीवरून, यमुनेच्या फेरीवरून, काठावरून, पदरावरून. एका बाईने दुसरीशी इतके महिने चालवलेलं बोलणं कोणीतरी खोडून टाकावं तसं. आणि मधलं ठिगळ चारी बाजूंनी बंद.

मला सांगा, मदत म्हणजे काय? एखादी घागर घेऊन चढ चढते आहे, तिची घागर आपण घेतली तर ती मदत झाली. पण एखादी बाई बाळंतीण व्हायची आहे, तिचं काय घ्याल? काही कामं अशी असतात की ती कोणी आपल्या वतीने केली तर ती होतच नाहीत, नुसती संपतात. हे त्या शिकलेल्या, भल्या, हसऱ्या बायकांना कळलं नाही याचा मला राग नव्हता. न कळणं माफ असतं. राग याचा होता की त्यांनी मला विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला कोणी विचारत नाही. त्याला आनंद देतात. वरून धरून देतात, पोराला औषध पाजतात तसा.

मी यमुनेला फोन केला. सगळं सांगितलं.

"आक्का, रडती का तू?"

"डोळ्यात थेंब घातलेत."

"मंग उसव."

"डॉक्टर म्हणतो खाली वाकायचं नाही."

"तं नको वाकू. गोधडी वर घे. दोरीवर टाक, तोंडापुढं, आन् उसव. का मशीन घाबरवती तुला?"

दोन दिवसांनी मृणाल आली. एकटी आली, फोन पर्समध्ये ठेवून. दारातच म्हणाली, "आजी, तुम्ही माझा फार अपमान केलात. मी घरचं सगळं सोडून दिवसभर त्यावर बसले होते. मला वाटलं तुमचे डोळे, तुमचं वय, ती राहूनच जाईल."

"राहून गेली असती तर माझी राहिली असती," मी म्हणाले. "बस."

ती बसली. व्हरांड्यातल्या दोरीवर गोधडी टाकलेली होती आणि मी उभ्याने एकेक टाका ब्लेडने कापत होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "एवढा राग बरा नाही तुम्हाला. बीपी वाढेल."

"माझं बीपी मिठाने वाढतं. दुसरं ब्लेड खिडकीत आहे."

ती उठली, ब्लेड घेतलं आणि पलीकडच्या बाजूने उसवू लागली. तिने काही विचारलं नाही, मी काही शिकवलं नाही. आमच्या मधे ते कापड लोंबत होतं, तिचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसता दोरा तुटल्याचा बारीक टक् टक् आवाज येत होता. दुपारच्या त्या तासासारखं. मला ती थोडी आवडली तेव्हा. पण राग गेला नाही, आणि ती आवडल्याचंही मी तिला सांगितलं नाही.

मुंग्या तिनेच पाहिल्या. "आजी, या कुठून आल्या?"

खिडकीच्या चौकटीतून एक ओळ निघाली होती, दोरीवरून चालत होती आणि गोधडीच्या मधल्या ठिगळात शिरत होती. काळ्या, घाईच्या, शिस्तीच्या मुंग्या. मी ठिगळ फाडलं. आत हाताएवढा पुरणपोळीचा तुकडा होता, तुपाने कापड पार पिवळं झालेलं, आणि मुंग्यांचा लग्नसोहळा चाललेला.

मी मृणालकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं ना, काहीतरी खायला घालतात. मला वाटलं, वाळलेली भाकरी कशी घालायची? शुभ काम आहे. म्हणून मग..."

मला काय झालं कोण जाणे. इतक्या दिवसांच्या संतापाच्याच तोंडातून हसू बाहेर आलं. हसता हसता डोळा दुखला. यमुनेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "उपाशी तं नाय ऱ्हायली मंग. अजीर्न झालं तिला."

यमुना तपासण्यांसाठी आली आणि आमच्याकडेच उतरली. वाटणीनंतर पहिल्यांदा माझ्या उंबऱ्याच्या आत. आली ती रिक्षातून उतरल्यावर तिथेच धाप टाकत उभी राहिली, आणि मला वाटलं, ही काय बसणार शिवायला. पण ती भिंतीला टेकून बसली, गोधडीची एक कड तिच्या मांडीवर, दुसरी माझ्या, आणि आम्ही उरलेल्या फेऱ्या घातल्या. मशीनच्या टाक्यांची भोकं कापडावर राहिली होती, मुंग्यांच्याच ओळीसारखी. ती त्यावर बोट फिरवून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कोन आलं व्हतं ते कळंल." समोर बसलो आणि मला वाटलं होतं तसे गप्पच राहिलो. पण ते वेगळं गप्प राहणं होतं. मधे एकदा ती म्हणाली, "लुगडं तुला द्यायला पायजे व्हतं मी." मी म्हणाले, "दोरा सैल सोडू नकोस." यापेक्षा जास्त आम्ही त्या विषयावर बोललो नाही.

फेऱ्या संपल्या. नवं ठिगळ लावलं, एक बाजू उघडी. आणि त्याच दिवशी दवाखान्यातून फोन आला की तारीख अलीकडे घेतली आहे, सकाळी दाखल व्हा. मी उठले, डब्यातून भाकरीचा वाळका कुटका काढला. म्हणाले, "आण, आत्ताच बंद करू."

यमुनेने गोधडी ओढून मागे घेतली. "नाय."

"का नाही? तुला आधी व्हायला पाहिजे होती."

"तवा पायजे व्हती. आता नको. आता ऱ्हाऊ दे तोंड उघडं."

"आणि तू आली नाहीस तर?"

मी हे विचारलं. कोणी विचारत नाही हे, मला माहीत आहे. सुषमा दारात उभी होती, तिने तोंडावर पदर नेला. पण यमुना माझ्याकडे बघून अशी हसली जशी ती नवी नवरी असताना विहिरीवर हसायची.

"नाय आले तं तुला उपाशी गोधडीखाली निजायचं. थंडीत कुडकुडशील. टाका तं माझाच हाय, तुला घालता यायचा नाय. आता घाल राग. लय राग घाल."

मी घातला. मला तिचा इतका राग आला की सांगता येत नाही. एवढं सगळं उसवून, पुन्हा घालून, वीतभर तोंडासाठी ही बाई अडवते? ग्रुपने जी गोष्ट एका रविवारात पूर्ण करून टाकली होती, ती हिने मुद्दाम अर्धी ठेवली. दवाखान्याच्या बाकावर बसले होते तेव्हाही मी रागातच होते. तिला आत नेलं होतं. दिलीप चहा आणायला गेला होता. भिंतीवर शांतता राखा असं लिहिलं होतं आणि एक पंखा त्याच्याखाली मोठ्याने आवाज करत होता. रडणाऱ्या माणसाचे हात गळून जातात, हे मी आयुष्यभर पाहिलं. रागावलेल्याचे जात नाहीत. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले आणि मनात तिला ऐकवत राहिले, ये बाहेर, मग तुला दाखवते.

दुपारी तीनला फोन थरथरला. मी उचलला. कोणी बोललं नाही. पलीकडे कुकर वाजला. एक पारवा घुमला. कोणाचा तरी नळ गळत होता. कोणी फूल पाठवलं नव्हतं, कोणी देव पाठवला नव्हता, धीर धरा आजी असंही कोणी म्हटलं नाही. नुसता दोरा ओढल्याचा आवाज, एकदा इकडून, एकदा तिकडून. मृणालने सांगून ठेवलं असणार. तेवढी अक्कल त्यांना आली, हे मी मान्य करते. माझ्या हातात दाभण नव्हतं, गोधडी घरी होती, मी नुसती कान देऊन बसले. तास संपला तरी कोणी फोन ठेवला नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा यमुना पुन्हा आमच्याकडे आली. मी कुटका आत सारला, तिने दाभण घेतलं. तोंड शिवून टाकलं.

"टाका लांब पडला," मी म्हणाले.

"डोळं आत्ता आलेत तुला, गप बस."

आता ती गोधडी माझ्या अंगावर आहे. पहाटे जाग येते, दिवा न लावता मी तिच्यावरून हात फिरवते. दाणा, खळगा, दाणा. मधूनच त्यांच्या मशीनच्या भोकांची ओळ लागते आणि मला पुन्हा तेवढाच राग येतो, मग ती ओळ संपते. मधे ठिगळ, ठिगळाच्या खाली कडक कुटका, आणि त्याच्या तोंडावर एक लांब टाका. गोधडी एक महिना माझ्याकडे, एक महिना तिच्याकडे असते. पुढच्या आठवड्यात दिलीप ती सिन्नरला नेईल. ऑपरेशन तिचंही झालं आणि माझंही. दोघी वाचलो.